कुकरमधला वरचा डबा

ती. आईंना,
मंगलचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र पाकिटात जायचं नाही, म्हणून तुमच्या नावाआधी 'कै.' लिहायची वेळ आली नाही. तेवढं बरं झालं. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी होती, त्यांवर लिहिते आहे. कागद वाया गेलेला तुम्हालाही आवडत नसे.

लिहायचं कारण एकच. गेल्या सोमवारी दुपारी मी तुमचं जेवण जेवले.

तुमचं म्हणजे, तुम्हाला दोन वर्षं रोज वाढलं ते. त्याच्या आदल्या आठवड्यात डोकं गरगरलं म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेले होते. डॉक्टरीणबाईंनी दंडाला पट्टा बांधला, दोनदा फुगवला आणि म्हणाल्या, "बीपी आहे. मीठ कमी, तेल कमी. लोणचं, पापड बंद." मी मान डोलावली. मनात म्हटलं, यात काय मोठंसं! दोन वर्षं सासूबाईंचं पथ्य सांभाळलंय मी. मला कुणी शिकवायला नको.

मग तसंच केलं. कुकरमध्ये खाली वरण, मध्ये भात आणि सगळ्यांत वर तुमचा तो छोटा, एका बाजूने चेपलेला डबा. त्यात दुधी, हळद आणि अर्धी वाटी पाणी. तेल नाही, मीठ नाही, फोडणी नाही. चार शिट्ट्या. ह्यांना त्यांचं वाढलं आणि मी तो डबा घेऊन बसले. देवाचं नाव घेतलं आणि पहिला घास तोंडात घातला.

आई, तो घास उतरेना!

दुसरा पाण्याबरोबर ढकलला. तिसऱ्याला उठले आणि ताट हातात धरून सिंकपाशी उभी राहिले. अन्न टाकायचा धीर होत नव्हता आणि खाववत नव्हतं. ह्यांनी विचारलं, "काय गं, केस निघाला का?" मी नाही म्हटलं. काय सांगणार? केस निघाला असता तर बरं झालं असतं.

तुम्ही कधी उठला नाहीत. दोन वर्षांत एकदासुद्धा नाही.

आता एक सांगते, ते ऐकून तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. मी तुमचा डबा कधी चाखलाच नव्हता.

आपल्याकडची रीत तुम्हीच मला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात सांगितली होती. देवाला दाखवायच्या आधी जिभेवर काही ठेवायचं नाही. हाताला अंदाज हवा. तेव्हापासून मी स्वयंपाक करताना चाखत नाही. पण देवाचा नैवेद्य झाल्यावर चाखायला कुणी अडवलं होतं? आमचं पातेलं वेगळं होतं ना. त्यात मीठ होतं, फोडणी होती. आम्ही ते जेवत होतो. तुमच्या डब्यातलं कसं लागतं ते फक्त तुम्हाला ठाऊक होतं. मी सोवळं पाळत होते की सोय बघत होते, हे मला गेल्या सोमवारी कळलं.

आणि वर तोरा किती! शनिवारच्या भजनाला गेले की सांगायची, "आमच्या आईंचं सगळं वेगळं करते हो. तेलाचा थेंब नाही, मिठाचा कण नाही." बायका म्हणायच्या, "अशी सून मिळायला भाग्य लागतं." मी पदर सावरून टाळ हातात घ्यायची. तुम्ही शेजारीच बसलेल्या असायच्या. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत, "बायांनो, एकदा जेवायला या."

मिरजेहून चेन्नईला येऊन बारा वर्षं झाली तरी तुम्हाला तमिळ शब्द दोनच यायचे. भाजीवाल्यासाठी 'वेंडाम', म्हणजे नको. आणि समोरच्या राजम मामींकडे कॉफी जास्त झाली की 'पोदुम', म्हणजे पुरे. ते दोन शब्द घेऊन तुम्ही नंगनल्लूरचा सगळा बाजार फिरून यायच्या. पथ्य सुरू झाल्यावर तुमचा 'पोदुम' आमच्या जेवणाच्या टेबलावर आला. मी म्हणायची, "आई, अजून एक डाव?" तुम्ही ताटावर आडवा हात धरून म्हणायच्या, "पोदुम गं, पोदुम." मृणाल हसायची. मीही हसायची. मला वाटायचं, वय झालं, भूक कमी झाली. एक पोळी वाचायची, ती मी संध्याकाळी कुस्करून खायची आणि तेवढ्यावर खूश असायची.

तुम्हीही काही कमी नव्हता म्हणा! पहिल्या दिवशी मी तुमच्या पानात मीठ वाढलं नाही, तेव्हा पानाच्या वरच्या रिकाम्या जागेकडे बघून म्हणालात, "अगं मृणाल, बघ, तुझी आजी देवांच्या पंगतीला बसली. नैवेद्याच्या पानातच मीठ वाढत नाहीत. आता मला नमस्कार करा सगळे." ह्यांनी खरंच वाकून नमस्कार केला आणि तुम्ही "मंत्रालयात नोकरी लागो" असा आशीर्वाद दिलात. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या माणसाला! मी किती हसले होते. त्या हसण्याखाली काय होतं ते बघायची मला गरज वाटली नाही.

पण गौरीच्या दिवसाचं लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही. पेन तीनदा खाली ठेवलं. लिहितेच.

रोज बाराला नैवेद्य व्हायचा आणि ती नैवेद्याची वाटी तुम्ही घ्यायच्या. डावभर भात, त्यावर वरण, चमचाभर भाजी. मला वाटायचं, आई किती भाविक. पथ्याचं ताट पुढे असलं तरी आधी प्रसाद. त्या आषाढात तुमच्या पायांची सूज उतरेना. बोट दाबलं की खळगा पडायचा. डॉक्टर मलाच रागावले, "घरात मीठ कुठून जातंय ते शोधा." मी चार दिवस डोकं खाजवलं. लोणच्याची बरणी वर ठेवली. पापडाचा डबा मोजला. आणि एक दिवस नैवेद्य दाखवताना हात थांबला. हा नैवेद्य आमच्या पातेल्यातला! त्यात आमचं मीठ!

तेव्हा मी काय करायला हवं होतं ते आज पहिलीतलं पोर सांगेल. नैवेद्याच्या पातेल्यातलंच मीठ कमी करायचं. सगळ्या घरानंच कमी खायचं. देव काही उठून गेला नसता. पण माझ्या डोक्यात आलं, देवाला अळणी कसं दाखवू? ते मला पाप वाटलं. तुमच्या ताटात अळणी वाढणं मात्र पुण्य!

तुम्हाला एकटं गाठून सांगायचं तेवढं तरी जमायला हवं होतं. तेही नाही. गौरी जेवल्या त्या दिवशी पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. भजनातल्या चौघी आणि समोरच्या राजम मामी. नैवेद्याचं पान गौरींपुढून उचलून मी टेबलावर ठेवलं. अळूची भाजी, वाटली डाळ, भजी, पुरण. तुमची पंगत सगळ्यांच्या आधी लावली होती, गोळीची वेळ होती म्हणून. तुमच्यापुढे तुमचा डबा. तुम्ही डब्याकडे बघितलं आणि हात लांब करून नैवेद्याचं पान जवळ ओढलंत.

मी ते तुमच्या हातातून काढून घेतलं.

"आई, देवाच्या नावावर मीठ खाता तुम्ही! डॉक्टर मला बोलतात आणि तुम्ही प्रसाद, प्रसाद म्हणून हे करता?"

भजनातल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. राजम मामींना मराठी कळत नाही. पण हातातून पान ओढलेलं कुठल्या भाषेत कळत नाही? त्या चटकन खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. आणि तुम्ही काय केलंत? हात मागे घेतलात. हाताला काही लागलेलंही नव्हतं, तरी पदराला पुसलात. म्हणालात, "बरोबर आहे तुझं." आणि डब्यातलं जेवलात. भरल्या घरात, सणाच्या दिवशी.

दुसऱ्या दिवसापासून बारा वाजले की तुम्ही देवापाशी यायच्या आणि नैवेद्यावरचं नुसतं तुळशीचं पान उचलायच्या. मी दोन दिवसांनी म्हटलं, "आई, थोडा भात तरी घ्या प्रसादाचा." तेव्हा म्हणालात, "तुळशीच्या पानाला मीठ नसतं, मंगल. त्याला डॉक्टर काही म्हणणार नाहीत." आवाज चढला नव्हता. टोमणाही नव्हता. टोमणा असता तर मी भांडले असते आणि भांडून रडले असते आणि मग कदाचित तुमच्याजवळ बसले असते.

गौरींनंतर तुम्ही तीनच महिने होता. तुळशीची तेवढी पानं. मार्गशीर्षात पहाटे दारोदार कोलमच्या रांगोळ्या निघायला लागल्या तेव्हा तुम्ही गेलात. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, वयही झालं होतं, तुम्ही पथ्य छान सांभाळलंत. छान!

सोमवारचं पुढचं सांगते.

ताट घेऊन सिंकपाशी उभी होते तेव्हा ह्यांनी डब्यात डोकावून बघितलं. चमच्याने थोडं खाल्लं. तोंड वाकडं करून म्हणाले, "हे असलं काय केलंयस? आई आजोबांचं पथ्याचं करायची, ते आम्ही पोरं चोरून खायचो."

मी म्हटलं, "कुठल्या आजोबांचं?"

"माझ्या. आईच्या सासऱ्यांचं. सहा-सात वर्षं होते की पथ्यावर. मीठ नावाला. मिरजेच्या घरात आईनंच केलं त्यांचं."

"हे तुम्ही मला आज सांगताय?"

"तू कधी विचारलंस?"

"मी कशाला विचारीन? मला काय स्वप्न पडणार होतं? तुमची आई रोज हे खात होती, तेव्हा तुमच्या तोंडाला काय झालं होतं?"

ह्यांनी चमचा खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "मला वाटलं, तू आईला विचारूनच करत असशील."

आई, तुम्हाला सगळं येत होतं! सहा-सात वर्षं तुम्ही एका म्हाताऱ्या माणसाला कमी मिठाचं, कमी तेलाचं असं जेवू घातलंत की नातवंडं चोरून खायची. आणि ते सगळं येणारी बाई माझ्या डायनिंग टेबलावर उकडलेला दुधी गिळत बसली होती.

आणि तुम्ही सांगितलं नव्हतंत असंही नाही. तेच तर आता आठवतंय. पथ्य लागलं त्याच महिन्यात तुम्ही ते छोटं स्टूल ओढत ओट्याशी आला होता. म्हणालात, "मी इथं बसते. तू कर, मी नुसतं सांगते." मी म्हटलं, "आई, आता तुम्ही आराम करा. मला जमतं." दुसऱ्यांदा आलात तेव्हा म्हणालात, "झाकणावर पाणी ठेव गं भाजीच्या. वाफेवर शिजते, तेल लागत नाही." मी म्हटलं, "आता नॉनस्टिक आलंय, आई." तिसऱ्यांदा तुम्ही आला नाहीत. स्टूल मी बाल्कनीत नेऊन त्यावर कुंडी ठेवली.

मला वाटलं होतं, सासू स्वयंपाकघरात आली की राज्य जातं. चेन्नईत आले तेव्हापासून हा दोन माणसं उभी राहतील एवढा ओटा तेवढा माझा होता. बाहेर सगळी दुसऱ्यांची भाषा. म्हणून मुठीत धरून ठेवला. पण हे कारण झालं. माफी मागताना कारण सांगू नये असं तुम्हीच म्हणायच्या.

तरीपण एक विचारू? तुम्ही का नाही ओरडलात माझ्यावर? डबा माझ्यापुढे सरकवून "तूच जेव बघू हे" एवढं का नाही म्हणालात? लोणच्याला मोहरी कमी पडली तर मिरजेपर्यंत ऐकू जाईल असं बोलणाऱ्या तुम्ही! तुमच्या एका शब्दानं मी शुद्धीवर आले असते. की तुमच्याकडे जो शब्द उरला होता तो गौरीच्या दिवशी मीच हिसकावून घेतला?

असो. बोल लावायला मी कोण.

मंगळवारी कुंडी उतरवून स्टूल धुतलं आणि ओट्याशी ठेवलं. त्यावर ह्यांना बसवलं. म्हटलं, "आठवा. आई काय काय करायच्या ते सगळं आठवा." आधी त्यांना काहीच आठवेना. मग एकेक निघत गेलं. सुकं खोबरं आणि धणे कोरडेच भाजायच्या. जिरं भाजून हातावर चोळायच्या. आमसूल. आलं ठेचून. लिंबू पातेल्यात नाही, पानात पिळायचं. मीठ जे काय चिमूटभर असेल ते शिजताना घालायचं नाही, शेवटी वरून, म्हणजे जिभेला आधी तेच लागतं. फोडणीला एक चमचा तेल, सगळ्या भाजीला, पण ती फोडणी वर घालून लगेच झाकण, वास बाहेर जाऊ द्यायचा नाही. मी विचारलं, "एवढं कसं आठवतं तुम्हाला?" तर म्हणाले, "चोरून खायचो ना. वासावर असायचो."

मी लाल भोपळा केला. झाकणावर पाणी ठेवून. पाणी आटलं की तेच भाजीत. फोडणी वरून. एकच पातेलं, आई. त्यातलाच देवाला नैवेद्य दाखवला.  मग ह्यांना वाढलं, मला घेतलं. मृणाल ऑफिसमधून उशिरा आली, तिला त्यातलंच ठेवलं. ती फोन बघत बघत जेवली आणि मध्येच थांबून म्हणाली, "आई, यात काय घातलंस? सुट्टीत मिरजेला आजीकडे असा वास यायचा."

मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला.

सगळं जमतंय असं नाही. बुधवारी आमसूल जास्त झालं. काल तूरडाळीचं वरण पाण्यासारखं लागलं आणि ह्यांनी मुकाट्यानं लोणच्याच्या बरणीकडे बघितलं. मी बरणी दिली नाही, लिंबाची फोड दिली. राजम मामींना विचारून मिरपूड-जिऱ्याचं रसम शिकले, नावापुरतं तेल. त्यांनी सांगता सांगता विचारलं, "पाट्टींसाठी तेव्हा का नाही विचारलंस?" पाट्टी म्हणजे आजी, म्हणजे तुम्ही.  त्यांनी माझा हात धरला. त्यांना गौरीचा दिवस आठवत होता, आणि मलाही.

येत्या वद्य पंचमीला तुमचं वर्षश्राद्ध. गुरुजींनी यादी दिली आहे. खीर, वडे, भाज्या, कोशिंबीर. वडे तळावे लागतील, ते चारच तळीन, ताज्या तेलात. बाकी सगळं तुमच्या पद्धतीनं. चाखता येणार नाही. म्हणून हे आठ दिवस रोज हात बसवते आहे. तुम्ही म्हणायच्या ना, हाताला अंदाज हवा. माझ्या हाताला चाळीस वर्षांचा अंदाज होता आणि तो चुकीचा होता. या वयात हात नव्यानं शिकवायचा म्हणजे थट्टा नाही, पण शिकतोय.

तुमचा डबा मी फेकलेला नाही. कुकरमध्ये आता ठेवत नाही. देवघरात तुळशीची पानं त्यात ठेवते.

देवासमोर बसून लिहिते आहे, म्हणून शब्द देते तो मोडणार नाही. या घरात आता पातेलं एकच राहील. ज्याला पथ्य असेल त्याच्या पंगतीला सगळे बसतील. आणि प्रसादाचं पान मी यापुढे कुणाच्या हातातून काढून घेणार नाही. प्रसादच असा करीन की घ्यायला कुणाला भीती वाटणार नाही.

पंचमीला तुमचं पान वाढीन. तेव्हा माझ्याकडे बघून, बिचारीनं केलंय म्हणून, गोड मानून घेऊ नका. नाही आवडलं तर सरळ 'वेंडाम' म्हणा. मी पुन्हा करीन, पुढच्या वर्षी करीन, त्याच्या पुढच्या वर्षी करीन.

फक्त 'पोदुम' म्हणू नका, आई.

तुमची चुकलेली सून,
मंगल